विंडोज १० थांबलं, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आलं. मग ब्लूटूथ का चालत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, बाकीच्यांची बंद झाली. विंडोज ११ घ्यायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे स्क्रीन, कीबोर्ड, हार्ड डिस्क सगळं धड असलेले लॅपटॉपही एका दिवसात 'जुने' ठरले.

छत्रपती संभाजीनगरमध्ये हा प्रश्न थेट खिशाला भिडतो. पदवी आणि स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातली मुलं इथे येतात. अनेकांकडे मोठ्या भावंडाचा किंवा सेकंड हँड लॅपटॉप असतो. अशा लॅपटॉपवर मोफत मिळणारं लिनक्स टाकणं हा सरळ उपाय. पण ते टाकल्यावर बरेच जण एका ठिकाणी अडतात: ब्लूटूथ इयरफोन जोडला जात नाही. अभ्यासिकेत स्पीकर लावता येत नाही, मग लेक्चर ऐकायचं कसं? "लिनक्सवर हे चालत नाही, नवा लॅपटॉप घ्या," असा सल्लाही मिळतो.

हा सल्ला बरोबर आहे का? बहुतेक वेळा नाही.

लिनक्सला ब्लूटूथ येतं का?

येतं, आणि तेही २००१ पासून. लिनक्ससाठीचं 'ब्लूझ' हे ब्लूटूथ सॉफ्टवेअर क्वालकॉम कंपनीत तयार झालं. त्याच वर्षी ते सर्वांसाठी खुलं झालं आणि लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सामील झालं. उबंटू, मिंट, फेडोरा या सगळ्यांत आज तेच असतं.

मग अडतं कुठे?

अडतं ते फर्मवेअरपाशी. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. अनेक ब्लूटूथ चिप्समध्ये तो पूर्ण भरलेला नसतो. लॅपटॉप सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम एक फाइल उचलते आणि चिपला भरवते. ही फाइल इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम, मीडियाटेक अशा चिप बनवणाऱ्या कंपनीची असते आणि तिचा सोर्स कोड सहसा बंद असतो. फाइल मिळाली नाही, तर चिप असून नसल्यासारखी.

डेबियन ही लिनक्सची जुनी आणि महत्त्वाची आवृत्ती. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय सिस्टिमही तिच्यावरच आधारलेली आहे. खुलेपणाच्या तत्त्वामुळे डेबियन अशा बंद फाइल्स आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देत नसे. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून या फाइल्स इन्स्टॉलरमध्येच मिळतात. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीचा "लिनक्सवर ब्लूटूथ चालत नाही" हा अनुभव आज जसाच्या तसा लागू होत नाही.

तपासायचं कसं?

१. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. याला 'लाइव्ह' मोड म्हणतात. हार्ड डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. इथेच इयरफोन जोडला गेला, तर निम्मी काळजी मिटली.

२. ब्लूटूथ बंद तर नाही ना, हे बघा. एअरप्लेन मोड किंवा कीबोर्डवरच्या बटणाने ते बंद झालेलं असू शकतं. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा (रोमन अक्षरांत) दिली, की अडथळा सॉफ्टवेअरचा आहे की बटणाचा, ते कळतं.

३. सिस्टिम अपडेट करा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि मिनिटभराने सुरू करा. फक्त रीस्टार्ट केल्यावर चिप कधीकधी जुन्याच अवस्थेत अडकून राहते.

४. जोडला गेला पण आवाज फोनवरच्यासारखा येतोय? इयरफोनचा माइक सुरू असेल, तर ब्लूटूथ 'हेडसेट' प्रकारात जातं आणि आवाजाचा दर्जा घसरतो. साउंड सेटिंगमध्ये 'ए-टू-डी-पी' निवडा आणि माइक लॅपटॉपचा वापरा.

५. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर इयरफोन दर वेळी नव्याने जोडावा लागू शकतो. जोडणीची गुप्त किल्ली दोन्ही सिस्टिम आपापली ठेवतात, आणि इयरफोनच्या लेखी लॅपटॉप मात्र एकच असतो.

एवढं करूनही नाही चाललं तर?

यूएसबी डोंगल काहीशे रुपयांत मिळतो. मात्र स्वस्तातला कुठलाही उचलू नका. 'सीएसआर' या ब्रिटिश कंपनीच्या चिपची नक्कल असलेले डोंगल बाजारात भरपूर आहेत. लिनक्सच्या प्रोग्रामरांना या नकली चिप्ससाठी कर्नलमध्ये खास तजवीज करावी लागली, तरी त्यातले काही नीट चालत नाहीत. दुकानदाराला चिप कोणती ते विचारा आणि शक्य असेल तर आपल्याच लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने, तिथेच तपासून घ्या.

हे सुरक्षित आहे का?

अपडेट्स घेत राहिलात तर. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या एका त्रुटीमुळे जवळपासची व्यक्ती बनावट कीबोर्ड बनून तुमच्या परवानगीशिवाय जोडली जाऊ शकत होती. अँड्रॉइड आणि अ‍ॅपलची उपकरणंही यात होती. लिनक्ससाठीची दुरुस्ती २०२० मध्येच तयार होती, पण बहुतेक ठिकाणी ती चालू केलेली नव्हती. म्हणून गर्दीच्या ठिकाणी ब्लूटूथ 'सर्वांना दिसेल' असं ठेवू नका.

मग कमी काय पडतंय?

तंत्रज्ञान आहे, ते फुकटही आहे. कमी आहे ती शेजारी बसून दाखवणाऱ्या माणसाची. केरळने सरकारी शाळांमध्ये लिनक्स आणलं तेव्हा शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, म्हणून ते टिकलं. आपल्या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात 'नाइलिट' ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स-आयटी संस्था आहे. महिन्यातून एक दुपार दोन-चार विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन बसले, तरी बरेच लॅपटॉप भंगारात जायचे वाचतील.

तुमच्या घरातला लॅपटॉप विकायला काढण्याआधी त्याला एक पेनड्राइव्ह लावून बघा. तपासायला अर्धा तास लागतो आणि नवा घ्यायला काही महिन्यांची बचत.