बलुते गेले, गल्ला आला, पुढे काय?

मंद्रूपसारख्या बाजाराच्या गावात केशकर्तनालय आणि त्याला लागून पान-विडी-तंबाखूचा ठेला असा जोडधंदा एकच कुटुंब चालविते, यात कोणाला नवल वाटत नाही. खुर्चीमागे बाप-लेक उभे आणि ठेल्यावर घरातील वृद्ध किंवा स्त्री बसलेली, ही त्याची नेहमीची रचना. आपले कार्यकर्ते अशा कुटुंबाला 'छोटा मालक' समजून बाजूला ठेवतात. या धंद्याचा इतिहास पाहिला, तर हे वर्गीकरण टिकत नाही.

न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. हजामतीबरोबर लग्नकार्यातील कामे, निरोप पोचविणे, मशाल धरणे हेही त्याच्याच माथी असे; मोबदला म्हणजे खळ्यावर मिळणारे धान्य. दर रूढी ठरवी आणि कोणाच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, हेही रूढीच ठरवी. दलितांना ही सेवा नाकारली जात असे. तरीही याच समाजाने 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, हे विसरता कामा नये.

बलुते पिकावर अवलंबून होते. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पीक बुडाले की बलुतेही बुडे. 1972 च्या दुष्काळाने या व्यवस्थेचा पोकळपणा उघडा पाडला. रोख पैशाचा व्यवहार वाढला, तसा न्हावी दारोदार फिरण्याऐवजी खुर्ची मांडून बसला. नाण्यापुढे जात विरघळेल, अशी भाबडी आशा काहींना होती. प्रत्यक्षात 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याला अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवावा लागला, आणि तेवढ्यानेही सर्वत्र भागले नाही.

मग शेजारी तंबाखू कशासाठी? उत्तर अर्थशास्त्रीय आहे. हजामतीची मिळकत खंडित असते: सोमवारी दुकान बंद, काही वारी गिऱ्हाईक दाढी टाळते, श्रावणात अनेकांना हजामत वर्ज्य. विडीला असा वार नसतो. ठेला हा दुसरा धंदा नसून पहिल्या धंद्यातील तुटीची भरपाई आहे. आणि त्यावर बसणाऱ्या स्त्रीचे श्रम कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

त्या ठेल्यावरील विडीच्या मागेही स्त्रीचेच श्रम आहेत. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विडी वळतात. त्यांच्यासाठी 1966 चा कायदा झाला, 1976 साली कल्याण निधी आला, आणि मंद्रूपच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत लढ्यातून उभी राहिली. 2006 साली घरांचा ताबा मिळाला. हे शक्य झाले, कारण विडी कामगाराला बोट दाखविता येईल असा मालक आहे. न्हाव्याने मागणी कोणाकडे करावी?

2020 च्या मार्चमध्ये दुकाने बंद झाली. जूनअखेरीस राज्यात केस कापण्याची परवानगी मिळाली, दाढीची नाही. तीन महिन्यांच्या उपासमारीबद्दल वेतन मागण्यास जागाच नव्हती. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत न्हाव्याचा समावेश आहे. पहिला हप्ता एक लाख रुपयांचा, व्याज पाच टक्के. परंतु कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. शिवाय कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ, अशी अट आहे. श्रम सारे कुटुंब करते आणि शासन त्यातील एकालाच ओळखते.

तंबाखूमुळे कर्करोग होतो, यात वाद नाही. 2003 चा नियंत्रण कायदा आणि 2012 ची राज्यातील गुटखाबंदी यांना आपला पाठिंबाच असला पाहिजे. मात्र ज्याच्या चुलीचा अर्धा जाळ त्या ठेल्यातून येतो, त्याला पर्याय न देता केवळ दंडाची पावती फाडणे म्हणजे सुधारणेचा खर्च गरिबावर लादणे होय.

म्हणून पक्षाच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. दुकानातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीची, स्त्रीसह, स्वतंत्र श्रमिक म्हणून नोंद व्हावी. त्या नोंदीवर आजारपणाची मदत आणि वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळावे. ग्रामपंचायतीने बाजारात रास्त भाड्याचे गाळे द्यावेत आणि तंबाखू सोडणाऱ्याला अन्य माल उधारीवर पुरविण्यासाठी सहकारी व्यवस्था उभारावी. विडी वळणारी, विडी विकणारी आणि वस्तरा चालविणारा हे एकाच असंघटित श्रमाचे घटक आहेत. त्यांना एका सभेत बसविणे हे आपल्या तालुका शाखेचे काम आहे.