भिंतीवरचा कुणबी

नांदेड-लातुराकडील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत एक चित्र हटकून दिसतें: पहाटेचें सोनेरी धुकें, तुडुंब ओढा, डोक्यावर पाटी घेतलेली टपोऱ्या डोळ्यांची शेतकरीण, आणि हंसतमुख कुणब्यापुढें शुभ्र बैलजोडी. आमचें पहिलें भांडण या बैलांशींच आहे. लांब शिंगांची ती जोडी खिलारी, म्हणजे माणदेश-सोलापुराकडची. कंधारचा लालकंधारी तांबडा असतो. देवणीचा बैल बहुधा पांढऱ्यावर काळे ठिपके वागवितो. ज्या चित्रकारानें इकडच्या गोठ्यांतलें जनावर पाहिलें नाहीं, त्यानें त्यामागें चालणारा मनुष्य पाहिला असेल, हें आम्ही कां मानावें?

रसिक म्हणतील, चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. सौंदर्यासाठीं कलावंतास सूट हवी. सूट आम्हीहि देतों. मिले या फ्रेंच चित्रकारानें १८५७ सालीं (मुंबईस जे. जे. कलाशाळा निघाली तेंच हें साल) कापणीनंतर शेतांत उरलेलीं कणसें वेंचणाऱ्या तीन स्त्रिया रंगविल्या. त्यांतील प्रकाश इतका मृदु आहे कीं डोळा तेथून हलत नाहीं. परंतु त्या बायांच्या पाठी वांकलेल्याच आहेत, आणि धान्याच्या भरगच्च गंजी त्यांच्यापासून दूर, मागें आहेत. पॅरिसच्या पुष्कळ टीकाकारांस तें चित्र रुचलें नाहीं.

आमच्या चित्रांत कोणाचीच पाठ वांकत नाहीं. त्यांत सोयाबीन नाहीं, विंधनविहीर नाहीं, बँकेचा कागद तर नाहींच. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारें पांच लक्ष लिटर. चित्रांतला ओढा मात्र वाहतोच आहे! २०२४ सालीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये ठरला असतां शेतकऱ्यास त्याहून कमी भावानें आडतीवर माल घालावा लागला.

हीं चित्रें निरुपद्रवी असतीं तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु तीं विकत घेणारीं कुटुंबें बहुधा एक-दोन पिढ्यांपूर्वीं गांव सोडून आलेलीं. गांवचा भाऊ कर्जाचें बोलूं लागला कीं त्याच चित्राखालीं बसून त्यास ऐकविलें जातें, 'खेड्यांत कसलें दुःख? चोख हवा, ताजी भाकरी!' हातांत चहाचा पेला घेऊन बसलेल्या त्या भावानें भिंतीकडे पाहून काय समजावें?

मार्गशीर्षांत माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंत जनावरांचा मोठा बाजार भरतो. चित्रकारांनीं कागद-कोळसा घेऊन तेथें चार दिवस काढावे. बैल विकून नुसतें दावें हातीं घेऊन परतणारा एकादा कुणबी त्यांस खास भेटेल. तो हंसत असेल, तर तसाच काढावा.