डिपॉझिट आपलं, हिशेब त्यांचा?

आपल्या परभणीत गाडी लागली तर आपण मित्राची मागतो. डिपॉझिट एकच, पेट्रोल टाकून परत दे! त्यामुळे गोव्याला गेलं की आपण जरा गडबडतो. मागच्या वर्षी आम्ही चौघं गेलो, दोन स्कूटर घेतल्या आणि दुकानदाराच्या क्यूआर कोडवर २,००० रुपये डिपॉझिट पाठवलं. गाडी परत देताना त्यानं मडगार्डवरचा ओरखडा दाखवला आणि ८०० कापले. ओरखडा आधीचाच होता. पण पुरावा? मोबाइलमध्ये सेल्फी शंभर, गाडीचा फोटो एकही नाही.

तुम्ही म्हणाल, चूक तुमचीच. अर्धी आहेच. डिपॉझिट मागण्यातही गैर काही नाही. गाडी आपटून किंवा ई-चलान मागे ठेवून जाणारे असतातच. प्रश्न एवढाच, की वाद मिटेपर्यंत पैसे कुणाच्या खात्यात राहावेत?

क्रेडिट कार्डवर ‘होल्ड’ ठेवला तर पैसे जात नाहीत, फक्त तेवढं लिमिट अडकतं. डेबिट कार्डवर आपल्या खात्यातलीच रक्कम अडकते आणि सुटायला काही दिवस लागू शकतात. मेसचे पैसे त्यातच असले तर झालं! रोख दिले किंवा यूपीआयनं पाठवले, की पैसे समोरच्याचे. मग मागत बसा. आपल्यातल्या किती जणांकडे क्रेडिट कार्ड आहे? म्हणजे ज्याच्या खिशात कमी, त्याचेच पैसे आधी जातात.

खरं तर रक्कम आपल्याच खात्यात अडकवून ठेवायची सोय यूपीआयमध्ये २०१८ पासून आहे. आयपीओचा अर्ज भरताना असंच होतं. शेअरसाठी चालतं, ते स्कूटरसाठी का नको? गाडी देणाऱ्यांनी ही सोय द्यावी आणि आपण ती मागावी.

तोपर्यंत एवढं करा. चावी घेण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरसकट. डिपॉझिट किती, परत कधी, कशाचे कापणार, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. मूळ आधार किंवा लायसन्स दुकानात ठेवू नका. पेट्रोलची गाडी असेल तर काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं आहेत ना, बघा. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याचा परवाना असलेल्या गाडीची तीच खूण. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि हो, लाजू नका. डिपॉझिट मागताना दुकानदार लाजत नाही, मग पावती मागताना आपण का लाजायचं?