मुकेपणा म्हणजे अदब नव्हे

महाळुंगे पडवळचा बाबू गेनू 1930 साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला, हे आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक अभिमानाने शिकवतो. आणि त्याच वर्गात बजावतो, ‘उस्तादापुढे तोंड उघडू नका!’ हीच मुले उद्या प्रयोगशाळेत संशोधनाला जातात. मार्गदर्शकाने प्रबंध अडवला, शोधनिबंधातून नाव गाळले, तरी नशीब म्हणून गप्प बसतात.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, गप्प बसल्या नाहीत. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत 1933 साली सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. नोबेल विजेत्या संचालकाविरुद्ध या मुलीने सत्याग्रह केला. एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळवला, कामाने रामनांचे समाधान केले. तिथले मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्याकडे मनापासून शिकल्या. 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. झाल्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत संशोधन सल्लागार समिती आहे. पण तिचा निमंत्रक खुद्द मार्गदर्शकच! मग दाद मागायची कुणाकडे? म्हणून बोलण्याची हिंमत शाळेतच द्यायला हवी. उस्तादाची अदब जरूर राखा. पण कामाची नोंद तारीखवार स्वतःजवळ ठेवा आणि हक्काचा प्रश्न उभे राहून विचारा. हे आम्ही शिकवणार नसू, तर बाबू गेनूचे नाव तरी कशाला घ्यावे?