शिकरण गोड, पण अंड्याची जागा घेत नाही

महिनाअखेर भाजीचे पैसे संपले की आपल्या वस्तीत शिकरण होतं. दोन केळी कुस्करायची, दूध, साखर, सोबत पोळी. लेकरं ताट चाटूनपुसून खातात. कोकणपट्टीत दुधाऐवजी नारळाचं दूध आणि गूळ घालतात. तिकडे फिलिपिन्समध्ये तर नारळाच्या दुधात केळी शिजवूनच गोड करतात. आपल्या यवतमाळात नारळ महाग, केळी मात्र शेजारच्या नांदेडातल्या अर्धापूरकडून मुबलक येतात.

केळ्यावर माझा राग नाही. "सिस्टर, बाळंतिणीले केळं देऊ नका, बाळाले सर्दी होते," हे मी वॉर्डात कितीदा ऐकलं! सर्दी विषाणूने होते, केळ्याने नाही. खुशाल द्या.

पण वाटीतला हिशेब बघा. एका केळ्यात प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम, एका अंड्यात ६. शिकरणात कपभर निखळ दूध असेल तर अंड्याची बरोबरी होते. आपल्याकडे दुधाची एक छोटी पिशवी, त्यातच चहा, त्यातच पाच माणसं. शिकरणात उरतं ते पांढरं पाणी आणि दोन चमचे साखर. (पिकलं केळं मुळातच गोड. वर साखर कशाला?) नारळाच्या दुधातही स्निग्धांशच जास्त, प्रथिनं थोडी.

म्हणूनच शाळेतल्या अंड्याची गोष्ट मला लहान वाटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. जिथे आईबाप रोजमजुरीवर जगतात, तिथे हा लोकसहभाग कुणाच्या खिशातून येणार? अंडं नको त्या मुलाला केळं जरूर मिळावं. पण ज्याला अंडं हवं आहे, त्याच्या ताटातून ते जाऊ नये.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बाया असतात. बायांनो, पुढच्या बैठकीला जा. अंड्यासाठी शासनाने निधी द्यावा, असा ठराव लेखी मांडा आणि त्याची पोच घ्या.

तोवर शिकरणाच्या रात्री साखर वगळून लहानग्यांना दोन-तीन चमचे शेंगदाण्याचा कूट घालून द्या, मोठ्यांना मूठभर फुटाणे. घरात किडनीचा रुग्ण असेल तर मात्र केळं डॉक्टरांना विचारूनच.