घरात मते किती?

डिसेंबर २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा नगरपरिषदेच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने एकाच घरातल्या सहा जणांना तिकिटे दिली. सहाही पडले. मतदारांनी घराणेशाहीला धडा शिकवला, असे म्हणून आपण समाधान मानले. पण एका घरात सहा तिकिटे देण्याची हिंमत पक्षाला झालीच कशी? ती आपणच दिली. आपल्याकडे माणूस मत देत नाही. घर देते, भावकी देते, जात देते, हे प्रत्येक पक्षाला पाठ झाले आहे.

मतदानाच्या आदल्या रात्री आपल्याच गल्लीत उभे राहून पाहा. कार्यकर्ता मतदार यादीची झेरॉक्स घेऊन दारात येतो. "काकू, घरात मते किती?" "पाच. थोरला पुण्याला आहे, पण येणार आहे." पाच नावांवर पेनाने खूण होते आणि पाचही जणांचे पैसे एकाच्या हातात पडतात. सून आत भाकरी थापत असते. तिचे मत तिला न विचारताच गेलेले असते. कुठे बेलभंडारा उचलून शपथ घेतली जाते. मग तासाभराने दुसऱ्या पक्षाचा माणूस येतो, त्याचेही पाकीट घेतले जाते आणि याला हुशारी म्हणतात. लाच देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने सारखेच गुन्हेगार आहेत. आपण मात्र फक्त देणाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो.

२० डिसेंबरला नांदेड जिल्ह्यातल्याच धर्माबादमध्ये ऐन नगरपरिषद मतदानाच्या दिवशी पैसे वाटण्यासाठी मतदारांना मंगल कार्यालयात कोंडून ठेवल्याचा आरोप झाला. खरे-खोटे तपासात ठरेल. पण ती बातमी ऐकून किती जणांना धक्का बसला? धक्का बसेनासा झाला, हे आपल्या अधःपतनाचे खरे मोजमाप आहे.

लोक गरीब आहेत, अडाणी आहेत, अशी ढाल लगेच पुढे केली जाते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडमध्ये विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी झाली. लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या. त्याच मतदारांनी लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून दिले. हजारो लोकांनी दोन यंत्रांवर दोन वेगळ्या पक्षांची बटणे दाबली. चव्हाणांच्या वडिलांच्या निधनाची सहानुभूती असेल, दुसरेही काही असेल, पण इतका बारीक विचार करणाऱ्या मतदाराला अडाणी कसे म्हणायचे? आपल्याला कळते. कळूनही आपण विकतो.

आणि विक्री फक्त नोटांसाठी नसते. उसाला वेळेवर तोड मिळावी, सोसायटीचे कर्ज नवे-जुने व्हावे, पोराला संस्थेत शिक्षकाची जागा लागावी, बदली थांबावी, म्हणून शिकलेलेही गहाण पडलेले आहेत. गरीब पाचशे घेतो तर त्याची बातमी होते. प्राध्यापक, डॉक्टर, कंत्राटदार पाच वर्षांची मेहेरबानी घेतात, तिला आपण संबंध म्हणतो. माझा राग या दुसऱ्या वर्गावर अधिक आहे. गुणवत्तेचा 'लातूर पॅटर्न' राज्याला शिकवणाऱ्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली होती. त्यानंतर दारात आलेल्या किती उमेदवारांना या सुशिक्षित शहराने मांजरा खोऱ्यातल्या उसाबद्दल आणि पाण्याच्या वाटपाबद्दल विचारले?

२०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये विजेत्याच्या खालोखाल मते 'नोटा'ला पडली, २७ हजारांहून अधिक. ती चीड होती की वरून आलेला निरोप, यावर तेव्हा बराच वाद झाला. निरोप असेल, तर नकाराचे बटणसुद्धा आपण हुकुमावरून दाबले.

लातूर आणि नांदेड या दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार. आरक्षणासाठी, जयंतीच्या मिरवणुकीसाठी हजारोंनी रस्त्यावर येणारे आपण आमचा नगरसेवक निवडण्याचा हक्क परत द्या म्हणून किती वेळा आलो? मत हा हक्क वाटतच नसेल, तर तो गेल्याचे दुःख कुठून होणार?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण मराठवाड्यातले लोक निजामाची रयत होतो. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्यासोबतच्या शेकडो माणसांनी तुरुंग भोगला, तो रयतेचा नागरिक व्हावा म्हणून. दरवर्षी त्या दिवशी आपण झेंडा लावतो, हुतात्म्यांना हार घालतो, आणि निवडणूक आली की कोणाच्या तरी वाड्यावर, बंगल्यावर पुन्हा रयत म्हणून उभे राहतो.

वाचकहो, तुमच्या गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्याने व्हायलाच हव्यात, आणि त्यांच्या आधी महिलांची सभा. पुढच्या सभेला जा. घरातल्या बाईला तिच्या सभेला पाठवा, आणि सरपंच महिला असेल तर खुर्चीवर तिचा नवरा बसू देऊ नका. वित्त आयोगाचा निधी कुठे खर्च झाला, ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि "घरात मते किती" असे विचारत कोणी दारात आला, तर घरातल्या प्रत्येकाला बाहेर बोलवा आणि ज्याचे मत त्याला विचार म्हणून सांगा.