उंट, दोर आणि कोशाची साक्ष

गेल्या महिन्यात एका सभेत पुन्हा तेच ऐकले. ‘श्रीमंताला देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाला सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे’ या वचनातला उंट म्हणजे म्हणे भाषांतरकारांचा घोटाळा! येशूची भाषा अरामी; तिची बहीण सिरियाक; तीत ‘गम्ला’ म्हणजे उंट आणि जाड दोरही; म्हणून खरे वचन दोराचे. वक्त्यांनी एका कोशाचे भारदस्त नाव घेतले आणि टाळ्या पडल्या. मला मात्र घाम फुटला. बारा वर्षांपूर्वी हेच व्याख्यान मी दिले होते, आणि ज्या कोशाचे नाव घेतले तो मी तेव्हा उघडलाही नव्हता!

त्या दिवशी मागच्या बाकावरून एक वृद्ध मल्याळी गृहस्थ उठले. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले. सिरियाक उपासना लहानपणापासून कानावरची. त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात लोक चिलट गाळून काढतात आणि ‘गम्ला’ गिळतात. तिथे काय, दोर गिळतात?” सभा हसली. मी पाणी प्यालो.

मग कोश धुंडाळू लागलो. रॉबर्ट पेन स्मिथ यांचा ‘थेसॉरस सिरिॲकस’ ऑक्सफर्डहून १८६८ ते १९०१ अशी तेहेतीस वर्षे निघत होता. अर्थ लॅटिनमध्ये आणि शब्द धातूंखाली. ‘मद्बहा’ म्हणजे वेदी; पण तो ‘म’खाली शोधाल तर फसाल, तो आहे द-ब-ह या धातूखाली. नवशिक्याचे हे हाल त्यांच्या कन्येने, जेसीबाईंनी, ओळखले असावेत. १९०३ साली त्यांनी इंग्रजीत आटोपशीर कोश काढला, आणि शब्द सरळ वर्णक्रमाने लावले. बाई, तुमचे उपकार!

आता त्या दोराचा उगम पाहा. ही साक्ष बर बहलूल या कोशकाराची. तो दहाव्या शतकात बगदादला होऊन गेला, म्हणजे येशूनंतर नऊशे वर्षांनी. त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, अलेक्झांड्रियाचा सिरिल हा ग्रीक भाष्यकार याच वचनात दोर पाहत होता. माझा तर्क असा की भाष्यातला दोर कोशात शिरला. शिवाय सिरियाक नवा करार, पेशित्ता, हे स्वतःच ग्रीकवरून केलेले भाषांतर. त्याच्या आधारे मूळ ग्रीकची चूक काढायची, म्हणजे नातवाच्या जन्मपत्रिकेवरून आजोबांचे वय ठरवायचे! त्याच पेशित्तात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा अंगरखा ‘गम्ल्या’च्या केसांचा आहे. दोराला केस कुठले?

कोशात अर्थ दिलेला असतो, तो कुठल्या काळी, कोणी, कशावरून दिला हे शेजारच्या बारीक संक्षेपात असते. ते वाचायला आम्हां व्याख्यात्यांना सवड नसते.

पण दोर एवढा लोकप्रिय का? माझा संशय निराळाच आहे. दोराचे पीळ उलगडून एकेक धागा नेढ्यातून ओवता येतो. पुढच्या रांगेतल्या शेठजींना तेवढाच दिलासा. उंटाचे असे काही करता येत नाही.

यंदाच्या वक्त्यांना मी कार्ड टाकले: “तेविसावा अध्याय पाहावा.” उत्तर नाही. परवा त्यांच्या पुढल्या व्याख्यानाची जाहिरात वाचली. विषय तोच आहे.